खेळून हरलेला हिवाळा

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे गेली की पुढचे काही रविवार दुपारी बाराच्या सुमाराला मला उगाच धडधडतं. लंडनच्या पिनर भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत धडधडण्यासारखं काहीच नसतं. दोरीवर वाळत घातलेले ऑफिसचे शर्ट असतात, कुकरची शिट्टी व्हायची असते, खालच्या मजल्यावरच्या गुजराती मावशींचा टीव्ही भिंतीतून ऐकू येत असतो. तरी हात फोनकडे जातो. मग आठवतं, आज कुठलाही सामना नाही. कुणाची अॅम्ब्युलन्स यायची राहिलेली नाही. मी पुन्हा सोफ्यावर टेकते आणि मला इतकं हायसं वाटतं की तेवढ्यासाठी तरी ही धडधड दर वर्षी यावी.

त्या हिवाळ्याचा वास मला अजून ओळखता येतो. ओलं, तुडवलेलं गवत. गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा झणझणीत भपका. आणि हेल्मेटच्या आतल्या स्पंजचा आंबूस वास. दिवाळीच्या सुट्टीत दप्तरात विसरलेला डबा सुट्टीनंतर उघडला की जसा येतो, तसा. हेल्मेटं एका बंद खोलीत ठेवलेली असत आणि तिची किल्ली माझ्याकडे असे. दार उघडलं की पहिलं अर्धं मिनिट मी श्वास रोखून धरायची.

वेल्समध्ये, कार्डिफच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या एका दरीत आमचं छोटंसं विद्यापीठ होतं. मी तिथे मास्टर्ससाठी गेले होते, नाशिकहून थेट. पहिल्या आठवड्यात सगळ्या क्लबांनी हॉलमध्ये टेबलं मांडली होती. नाचाचा, नाटकाचा, गिर्यारोहणाचा, प्रत्येक टेबलाभोवती गर्दी. मला गर्दीत शिरता येत नाही. म्हणून जिथे कुणीच नव्हतं तिथे मी जाऊन उभी राहिले. टेबलामागे दाराएवढा मुलगा बसला होता. त्याचं नाव गॅरेथ. तो अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा कॅप्टन होता.

"तुझं अक्षर चांगलं आहे का?" त्याने विचारलं.

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेल्या मुलीला विचारायचा हा प्रश्नच नव्हे. मी मान हलवली.

"मग तू आमची सेक्रेटरी. विद्यार्थी युनियनचा नियम आहे, प्रत्येक क्लबला सेक्रेटरी पाहिजे. आमच्यातल्या कुणालाच लिहायला आवडत नाही."

मला नाही म्हणता येत नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे चांगले प्रसंग या एका दोषातून आलेले आहेत.

खेळ मला आधी मुळीच कळला नाही. लंबगोल चेंडू, खांद्यांवर कासवासारखी पाठ, मध्येच शिट्टी, मध्येच सगळे थांबलेले. पण तीन-चार सरावांनंतर माझ्या लक्षात आलं की हा खेळ लाजाळू माणसांसाठी बनवलेला आहे. पाच सेकंद धक्काबुक्की होते, आणि मग अर्धं मिनिट सगळे घोळका करून, डोकी खाली घालून, आता पुढे काय करायचं ते कुजबुजत ठरवतात. प्रत्येक पावलाआधी विचार करायला वेळ! रोजच्या बोलण्यात कुणी मला असं अर्धं मिनिट दिलं असतं तर मीही बरंच काही बोलले असते. इंग्रजीत माझे उच्चार लोकांना दुसऱ्यांदा ऐकावे लागत, मराठीत माझं वाक्य पाठ्यपुस्तकातलं वाटे. मग मी दोन्हीकडे गप्प राहणं पसंत करायची. मैदानाच्या कडेला हातात पुठ्ठा आणि कागद घेऊन उभं राहणाऱ्या मुलीने गप्प राहिलेलं कुणाला खटकत नाही.

संघाचं नाव 'हेरन्स'. म्हणजे बगळे. हे मी फोनवर पप्पांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. "एका पायावर उभे राहून खेळतात का?" म्हणाले.

सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे एक बुटांचा खोका आला. क्लबचा सगळा इतिहास त्यात होता. फोटो, चुरगळलेली पत्रं, गुणांचे कागद. रात्री अभ्यासाचा कंटाळा आला की मी तो उघडून बसायची. कधीतरी ऐंशीच्या दशकात, हा खेळ इथल्या टीव्हीवर दिसू लागला त्या दिवसांत, अमेरिकेहून वर्षभरासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याने एकुलता एक चेंडू घेऊन क्लब सुरू केला आणि वर्ष संपल्यावर चेंडू इथेच ठेवून तो परत गेला. मग कुठल्याशा बंद पडलेल्या संघाची हेल्मेटं आणली. ती केशरी होती. मुलांनी ती घरातल्या हीटरला लावायच्या करड्या रंगाने रंगवली. इतक्या वर्षांनंतरही टक्कर झाली की टवका उडायचा आणि आतून केशरी दिसायचं.

पण त्या खोक्यातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे मैदानाच्या बुकिंगच्या पावत्यांची एक जुडी. पूर्ण वर्षाची, दर बुधवारची. त्या वर्षी एकही सामना झालेला नव्हता. मी गॅरेथला विचारलं तर तो म्हणाला, "ह्यूला विचार."

ह्यू आमचा कोच. कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करायचा आणि संध्याकाळी फुकट शिकवायला यायचा. पन्नाशीकडे झुकलेला, बुटका, सतत नाक पुसणारा. त्याने जरा लाजतच सांगितलं. एका वर्षी जुनी सगळी मुलं पास होऊन गेली आणि क्लबात तो एकटा उरला. मैदानाची वेळ कुणी वापरली नाही तर ती दुसऱ्या क्लबला जाते. म्हणून तो दर बुधवारी बुकिंग करायचा आणि मैदानावर येऊन दोन तास उभा राहायचा.

"एकटा?"

"कधी कधी कुत्रा असायचा."

"दोन तास काय करायचास?"

"चेंडू लाथाडायचा. मग जाऊन आणायचा." त्याने नाक पुसलं. "पुढच्या वर्षी सहाजण आले."

त्याच्या बोलण्यात अभिमान नव्हता, तक्रारही नव्हती. पाऊस येईल म्हणून कपडे आत घेतले, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. मी त्या जुडीला नवीन रबर लावलं.

माझ्या वर्षी क्लब पुन्हा त्याच काठावर येऊन उभा होता. सामना सुरू करायला किमान जितके खेळाडू लागतात त्याहून आमच्याकडे एक-दोनच जास्त असायचे. नोव्हेंबरमध्ये तापाची साथ आली आणि आम्ही संख्या भरू शकलो नाही. सामना न खेळता दुसऱ्या संघाला बहाल. जानेवारीत बाहेरगावी जाताना आमची व्हॅन हायवेवर बंद पडली. पुन्हा तेच. मग युनियनच्या ऑफिसातून पत्र आलं. सभ्य भाषेत, दोन परिच्छेदांत. तुम्ही हरता याला आमची हरकत नाही, पण सामनेच होत नसतील तर क्लब कशासाठी? आणखी एक सामना असा बुडाला तर या वर्षाअखेर क्लब बंद होईल आणि मैदानाची वेळ इतरांना देण्यात येईल. ते पत्र मीच ह्यूला वाचून दाखवलं. त्याने ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे उरलेले तीन सामने खेळायचे," तो म्हणाला. "हरायचे तर हरू. पण खेळायचे."

दोन झाले. दोन्ही सपाटून हरलो. उरला एक, मार्चमधला, आमच्याच मैदानावर.

आणि तो बुडायच्या बेतात आणला मी.

आमच्या लीगमध्ये मैदानावर वैद्यकीय मदत हजर असल्याशिवाय रेफरी सामना सुरू करायचा नाही. घरच्या संघाने प्रथमोपचारवाल्या स्वयंसेवकांची अॅम्ब्युलन्स ठरवायची. ते काम सेक्रेटरीचं. ईमेल पाठवायचा आणि मग फोन करून पक्कं करायचं. आधीच्या सामन्यांना मी गॅरेथला फोन करायला लावला होता. या वेळी तो परीक्षेत बुडाला होता. मी ईमेल पाठवला. उत्तर आलं नाही. अजून एक पाठवला. उत्तर नाही. फोन करायला हवा होता. पण फोनवर समोरचा माणूस "पार्डन?" म्हणतो, मग आपण तेच पुन्हा म्हणतो, मग तो पुन्हा "पार्डन?" म्हणतो. मी रोज ठरवायची, उद्या करू. शेवटी मी स्वतःला पटवलं की नाही म्हणायचं असतं तर त्यांनी कळवलं असतं. आमच्या घरी असंच चालतं. पाहुण्यांनी काही कळवलं नाही म्हणजे पाहुणे येणार.

रविवार. एकचा सामना. बारा वाजता पाहुण्या संघाची बस आली, त्यातून चाळीसेक धिप्पाड मुलं उतरली. आमची मुलं मोजली, किमान संख्येपेक्षा एक जास्त. सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. सव्वाबारा झाले तरी अॅम्ब्युलन्स नाही. मी गेटकडे बघत राहिले. रस्त्यावर फक्त एक मेंढी होती.

रेफरी माझ्याकडे आला. "मेडिकल?"

गॅरेथने खिशातून मोबाइल काढला, अॅम्ब्युलन्सवाल्यांना लावला. बोलणं संपल्यावर तो लाल झाला होता. "म्हणतात आमच्याकडे बुकिंगच नाही! काय माणसं आहेत ही, दोनदा कळवलेलं असताना..."

त्याक्षणी मी गप्प बसू शकले असते. कुणालाही काही कळलं नसतं.

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले. "मी फोन केला नाही. फक्त ईमेल केला. उत्तर आलंच नव्हतं."

गॅरेथने माझ्याकडे पाहिलं. ह्यूने पाहिलं नाही. तो मैदानाकडे बघत होता, रिकाम्या मैदानाकडे, खूप ओळखीच्या नजरेने. तो ओरडला असता तर परवडलं असतं.

रेफरी वाईट माणूस नव्हता. "पावणेदोनपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पात्र डॉक्टर आला तरी चालेल. स्ट्रेचर आहे ना तुमच्या जिममध्ये? पावणेदोननंतर मात्र मला कागदावर लिहावं लागेल."

"ठीक," गॅरेथ म्हणाला, आणि माझ्यावर चिडण्यात एक सेकंदही घालवला नाही. ते मी त्याचं कधी विसरणार नाही. "कुणाला डॉक्टर माहीत आहे? कुणाचीही आई? काकू?"

आमच्या विद्यापीठात मेडिकल नव्हतं. मुलं खाणकामगारांची नातवंडं, दुकानदारांची पोरं. कुणाच्याच घरात डॉक्टर नव्हता. आणि मला जाणवलं की या अख्ख्या मैदानावर डॉक्टर माहीत असणारी मी एकटीच आहे. साउथ वेल्समधल्या कुठल्याही मराठी कार्यक्रमात खुर्ची फेकली तर ती डॉक्टरलाच लागेल.

मी अशा कार्यक्रमांना एकदाच गेले होते, पप्पांच्या आग्रहाखातर, ऑक्टोबरमधल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. इतर मराठी जमावांना मी टाळायची. आडनाव सांगितल्यावर समोरचा अर्धा क्षण थांबतो, तो अर्धा क्षण मला शाळेपासून पाठ आहे. त्या कार्यक्रमात तो नव्हता. तरीही मी कोपऱ्यात बसून राहिले. तिथे डॉक्टर सुजाता मेश्राम भेटल्या होत्या. नागपूरच्या, कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ए अँड ईमध्ये, म्हणजे अपघात विभागात. जाताना त्यांनी स्वतःहून नंबर लिहून दिला होता. काही लागलं तर फोन कर, लाजू नको. पाच महिन्यांत मी एकदाही केला नव्हता.

गॅरेथचा मोबाइल चिखलाने बरबटलेला होता. मी पाकिटातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो?" झोपेतला आवाज.

"जय भीम, ताई. मी... आपण ऑक्टोबरमध्ये हॉलवर भेटलो होतो. नाशिकची."

"जय भीम. कोण? ती कोपऱ्यात खुर्च्या मोजणारी?"

मी खुर्च्या मोजत नव्हते. पण ती वाद घालायची वेळ नव्हती. "हो, तीच."

"काय झालं बाळा? ताप आहे का?"

"मला काही नाही झालं. इथे मॅच आहे. पावणेदोनपर्यंत डॉक्टर आला नाही तर मॅच रद्द होईल, आणि मग क्लबच बंद होईल. चूक माझी आहे, ताई."

"कसली मॅच?"

"अमेरिकन फुटबॉल."

"वेल्समध्ये?"

"हो."

"अन् तू खेळते?"

"नाही! मी सेक्रेटरी आहे."

"मग ठीक." पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज आला. "हे बघ, माझी रात्री ड्यूटी होती, मी काही गाडी चालवत नाही. मिलिंदला उठवते. पत्ता सांग. सावकाश सांग, बाप्पा, इतकी पळू नको. आणि चहा ठेव. खूप."

नंतरचा तासभर मी आयुष्यातला सगळ्यात लांब तास म्हणून ओळखते. मुलं धावत राहिली, अंग गार पडू नये म्हणून. पाहुण्या संघाचा कोच घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. त्याने सरळ विजय घेऊन बसमध्ये बसायला हवं होतं. पण तो म्हणाला, "तीन तास बसून आलोय. खेळल्याशिवाय गेलो तर ही पोरं बस फोडतील." ह्यू एका बाजूला उभा राहून चेंडू हळूच लाथाडत होता आणि जाऊन आणत होता. मला त्याच्याकडे बघवेना. मी जिमच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, मग उगाच आणखी केला.

एक अडतीसला एक छोटी निळी गाडी गेटमधून आत आली आणि चिखलात घसरून थांबली. ताई उतरल्या. सलवारवर हॉस्पिटलचं जाड जॅकेट, केस कसेबसे बांधलेले, हातात बॅग. मिलिंददादा, ताईंचे यजमान, गाडीतच थांबले. त्यांनी सीट मागे केली आणि डोळे मिटले.

ताईंनी रेफरीला ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं. "डॉक्टर, तुम्हाला हा खेळ माहीत आहे?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मोडलेली हाडं माहीत आहेत."

रेफरीने शिट्टी तोंडात घातली.

पहिल्या दहा मिनिटांत ताईंनी चहाचे दोन कप संपवले आणि प्रश्न विचारत राहिल्या. "हे सगळे स्वखुशीने करतात?"

"हो, ताई."

"यांच्या घरी माहीत आहे?"

"आया बघायला येतात."

"अगं बाई," असं म्हणून त्यांनी तिसरा कप घेतला.

दुसऱ्या भागात गॅरेथ पडला. उठला, हसला, आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. ताई तीरासारख्या आत गेल्या. त्याला दंडाला धरून बाहेर आणलं, हेल्मेट काढायला लावलं आणि विचारलं, "आज वार कोणता?"

गॅरेथने विचार केला. "शनिवार?"

"बस खाली."

"डॉक्टर, प्लीज. मी गेलो तर आमच्याकडे बरोबर किमान माणसं उरतात. अजून एक गेला तर सामना थांबेल. थांबला की क्लब गेला."

ताईंनी त्याचं हेल्मेट गवतावर ठेवलं आणि त्यावर बसल्या. सामना संपेपर्यंत त्या उठल्याच नाहीत. गॅरेथ त्यांच्या शेजारी मोठ्या कुत्र्यासारखा बसून होता आणि दर पाच मिनिटांनी त्या त्याला वार विचारत होत्या.

आता मैदानावर कुणीही पडलं की तो उठेपर्यंत मी दुसरीकडे बघायची नाही. गुण बघायचंच मी सोडून दिलं. मी फक्त उठणारी मुलं मोजत होते. शेवटच्या भागात एकाचं बोट निखळलं. तो हात छातीशी धरून आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. ताईंनी हेल्मेटवर बसल्या बसल्या त्याचा हात घेतला, "तुझ्या आईचं नाव काय?" असं विचारलं, तो सांगेपर्यंत बोट जागेवर ओढलं, शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलं.

"खेळू शकेल?" ह्यूने विचारलं. एवढंच. त्याचा आवाज इतका बारीक होता की ताईंनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"चेंडू पकडू देऊ नका," त्या म्हणाल्या. "धक्के द्यायला बोट लागत नाही."

मुलगा परत गेला.

मी पुढे लंडनला आले, नोकरी लागली, आता कामाच्या निमित्ताने दिवसाला वीस फोन करते आणि तरी प्रत्येकाआधी थोडा श्वास घेते. ताईंकडे मी त्या सामन्यानंतर, वेल्स सोडेपर्यंत, दर महिन्याला जेवायला जायची. त्या अजून माझी लोकांना 'हेल्मेटवाली' म्हणून ओळख करून देतात. हायसं वाटणं म्हणजे काय, याचा मी त्या दुपारनंतर खूप विचार केला आहे. आनंदात काहीतरी मिळालेलं असतं. इथे मिळालेलं काही नसतं, जे होतं ते फक्त गेलेलं नसतं. आणि तरी ते किती मोठं वाटतं! गेल्या महिन्यात क्लबच्या आताच्या सेक्रेटरीचा ईमेल आला. या वर्षी नवीन मुलं इतकी आली आहेत की हेल्मेटं पुरत नाहीत. मी तो ऑफिसात वाचला आणि उठून पाणी प्यायला गेले, कुणी विचारू नये म्हणून.

पण त्या रविवारी हे काही माहीत नव्हतं. त्या रविवारी शेवटची शिट्टी झाली, रेफरीने माझ्या पुठ्ठ्यावरच्या कागदाखाली सही केली, आणि आमची पोरं मैदानाच्या मध्यभागी एकमेकांवर ढीग करून पडली. बोट बांधलेला मुलगा सगळ्यात खाली. गॅरेथ ताईंना मिठी मारायला गेला आणि त्यांनी त्याला पुन्हा वार विचारला. ह्यू कुठे दिसेना. मग दिसला, गोलपोस्टच्या खांबाला कपाळ टेकून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

पाहुण्या संघाचा कोच हात मिळवायला आला. समोर मीच होते. त्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग गुणांच्या फळ्याकडे, मग माझ्याकडे.

"चौतीस-सहा," तो म्हणाला. "आम्ही जिंकलो ना?"

"हो. तुम्ही जिंकलात."

"मग हे काय चाललंय?"

"आम्ही हरलो," मी म्हणाले. त्याला वाऱ्यात ऐकू गेलं नसावं, त्याने कान पुढे केला. मी मोठ्याने, अगदी ओरडून सांगितलं, "शेवटच्या शिट्टीपर्यंत हरलो!"